सेव्हिलची उत्तररात्र : मिरवणूक, पालखी की छबिना?

प्रश्न : स्पेनमधील सेव्हिल शहरात गुड फ्रायडे उजाडण्याआधीच्या उत्तररात्री भाविकांचे सहा बंधुसंघ येशूच्या व मारियामातेच्या मूर्ती घेऊन कॅथेड्रलला जातात आणि सारे शहर रस्त्यावर जागे असते. या सोहळ्याला मराठीत ‘मिरवणूक’ म्हणावे, ‘पालखी’ म्हणावे, की आणखी एखादा शब्द सुचतो?

उत्तर : ‘मिरवणूक’ मराठी कॅथलिकांच्याही वापरात असल्यामुळे तो शब्द चूक ठरवता येणार नाही, परंतु त्यात ‘मिरवणे’ आहे आणि इथे गैरसोय होते ती त्याचीच. तिथला नाझारेनो, म्हणजे मूर्तीबरोबर चालणारा बंधुसंघाचा सदस्य, उंच टोकदार टोपीच्या कापडाने, डोळ्यांपुरती भोके ठेवून, सगळा चेहरा झाकून घेतो, कारण प्रायश्चित्त घेणाऱ्याची ओळख पटू नये अशी रीत आहे. बंधुसंघ स्वतः या जाण्याला ‘एस्तासियोन दे पेनितेन्सिया’ म्हणतात, म्हणजे कॅथेड्रलपर्यंत चालत जाऊन केलेले प्रायश्चित्त.

‘पालखी’ मात्र मला अजिबात पटत नाही. पालखीचे भोई सर्वांना दिसतात, तर मूर्तीच्या अवजड चौथऱ्याखालचे, म्हणजे ‘पासो’खालचे, तीसचाळीस वाहणारे, म्हणजे कोस्तालेरो, पडद्याआड असतात. ते भार खांद्यावर न घेता मानेच्या मुळाशी घेतात आणि त्यांना पुढचा रस्ता दिसत नसल्यामुळे बाहेर चालणाऱ्या कापाताझच्या, म्हणजे त्यांच्या मुकादमाच्या, हाकेवर पाऊल टाकतात. चौथऱ्याच्या दर्शनी बाजूस लावलेल्या कडीचा शेवटचा ठोका पडला की सगळे एकदम उठतात.

मला ‘छबिना’ जवळचा वाटतो. फारसीत ‘शब’ म्हणजे रात्र, आणि आपल्याकडे तुळजापूरला किंवा अन्य देवस्थानांत देवाची स्वारी रात्री बाहेर पडते तिला हाच शब्द आहे. (रात्रीच्या पहाऱ्यालाही पूर्वी छबिना म्हणत.) रात्र, मूर्ती, वाहणारे आणि जागा राहिलेला गाव, हे सारे त्यात येते.

दुसरे मत : ‘छबिना’ माकारेना या मारियामातेच्या मूर्तीला शोभेल, कारण तिच्या मागे बँड वाजतो, लोक टाळ्या पिटतात आणि ‘ग्वापा!’ म्हणजे ‘सुंदरी!’ असे ओरडतात. परंतु त्याच रात्री शिल्पकार हुआन दे मेसाने 1620 मध्ये घडवलेला ग्रान पोदेर या संघाचा येशू संगीताशिवाय जातो, तेव्हा तितकीच दाट गर्दी आपोआप गप्प होते. त्याला छबिना म्हटले, तर मराठी वाचकाच्या कानात संबळ वाजू लागेल. तिथे ‘प्रायश्चित्तयात्रा’ असा जड शब्द पत्करावा, आणि सहाही संघांच्या रात्रीला एकत्रितपणे ‘उत्तररात्र’ म्हणावे. स्पॅनिश ‘माद्रुगादा’चा, सेव्हिलकरांच्या तोंडी ‘माद्रुगा’चा, अर्थही मध्यरात्र ते पहाट असाच आहे. ‘पहाट’ लिहिल्यास मधले अंधाराचे सगळे तास गळून जातात.