एमएस आणि बोन मॅरोचा काय संबंध?

ऐरोलीकरीण:
माझ्या धाकट्या जावेला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, यात आपलीच इम्युनिटी मेंदू-मणक्यातल्या नसांवर उठते) निघालाय. एका डोळ्याला अंधुक दिसतंय म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली आणि तिथून प्रकरण एमआरआयपर्यंत पोचलं. आता रिटुक्सिमॅब हे औषध चालूय, बरी आहे. पण घरच्या ग्रूपवर कुणीतरी टाकलंय की या रोगाचं मूळ बोन मॅरोत (हाडांतला मगज, जिथे रक्ताच्या पेशी बनतात) असतं, झालं, मोठे दीर मागे लागलेत की मॅरोची टेस्ट करा, खारघरला टाटाचं कॅन्सर सेंटर आहे तिथे ट्रान्सप्लांट पण होतं म्हणून. रोग मेंदूचा आणि सुई कमरेत? कुणाला नीट माहितीये का?

कोलशेतचा_लॅबवाला:
अगदीच हवेतलं नाहीये ते. २०२२ ला 'सेल' या सायन्स जर्नलमध्ये पेपर आलेला, चीनमधल्या तिआनजिन आणि अमेरिकेतल्या बॅरो इन्स्टिट्यूटवाल्यांचा. मायलिनवर (नसांवरचं आवरण) उठलेल्या टी सेल्स (इम्युनिटीच्या पेशी) मॅरोत शिरतात आणि तिथल्या स्टेम सेल्सना (ज्यांपासून रक्ताच्या पेशी बनतात) फूस लावतात, मग मॅरो मोनोसाइट आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जास्त बनवायला लागतो आणि त्या पेशी मेंदूत, मणक्यात जाऊन जळजळ वाढवतात. पेशंटचा मॅरोही तपासलाय पण कार्यकारणभाव बराचसा उंदरांवरच दाखवलाय. म्हणून 'मूळ' म्हणणं जास्तच झालं. आणि मॅरोच्या टेस्टने एमएस कळत नाही हो, त्याला एमआरआय आणि लागलंच तर पाठीतलं पाणी.
बाकी तिचं औषध मॅरोशी जोडलेलंच आहे. रिटुक्सिमॅब सीडी२० (पेशीवरची एक खूण) असलेल्या बी सेल्स, म्हणजे इम्युनिटीच्याच दुसऱ्या पेशी, मारतं, स्टेम सेल्सवर सीडी२० नसतं, त्यामुळे मॅरो काही महिन्यांनी नव्या बी सेल्स सोडतो, म्हणून तर परत परत डोस.

वाशी_सेक्टर१७:
ट्रान्सप्लांटमध्ये मॅरो दुरुस्त वगैरे करत नाहीत. स्वतःच्याच स्टेम सेल्स रक्तातून काढून गोठवतात, केमोने जुनी इम्युनिटी साफ करतात आणि त्या सेल्स परत देतात. २०१९ च्या मिस्ट ट्रायलमध्ये (ट्रान्सप्लांट विरुद्ध औषधं) ११० जण होते, सगळे रिलॅप्स होणारे (आजार पुन्हा पुन्हा उसळणारे), ट्रान्सप्लांटवाल्या गटात ३ जणांचा आजार वाढला आणि औषधवाल्यांत ३४. आकडा भारी वाटतो पण औषधवाल्या गटात ओक्रेलिझुमॅब हे बी सेल्स मारणारं औषध नव्हतं, आणि तुमच्या जावेचं औषध त्याच जातीचं आहे, ते मात्र फॉरवर्ड करणारे सांगत नाहीत. औषध चालू असताना रिलॅप्स येत असतील तरच हा विषय काढा. केमोने पाळी कायमची जाऊ शकते, इन्फेक्शनचा धोका वेगळाच.

ऐरोलीकरीण:
बापरे, ती तर मुलाचा विचार करतेय! दिरांना हे वाचायलाच देते.

वाशी_सेक्टर१७:
मग पुढचा डोस घ्यायच्या आधीच न्यूरोला तसं सांगा, डोस आणि प्रेग्नन्सीचं टायमिंग ते बसवून देतील.