गोधडीच्या कापडावर दूध सांडलं, काय करू?

गोधडीवेडी:
भाचीच्या बाळासाठी गोधडी शिवतेय, मंगळदास मार्केटातून आणलेलं पांढरं कॉटन, चौकोन कापून निम्मे जोडून पण झाले आणि काल कोपर लागून दुधाचा अख्खा कप सांडला. लगेच टिपलं तरी पिवळट कडा राहिलीच. बाजूलाच लाल तुकडे आहेत, धुतलं तर रंग लागेल का? खूप जीव लावून करतेय हो.

गिरगावची काकू:
अगं गरम पाणी आणि इस्त्री अजिबात नको, दुधाचा डाग उष्णतेने पक्का बसतो. कापड उलटं धर आणि मागून गार पाणी सोड म्हणजे डाग आला तसाच बाहेर जाईल. मग भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, बोटाने नुसतं थोपटायचं, चोळलंस तर कापलेल्या कडांचे दोरे सुटतील.

टाचणी:
लालवर आधी ओला पांढरा रुमाल दाबून बघा. रंग उतरला तर त्या जोडाची शिवण उसवा नि पांढरा तुकडा वेगळा धुवा. पुढच्या वेळी कापायच्या आधीच सगळं कापड धुऊन घ्या, आटायचं ते पण आधीच आटतं.

सुईदोरा:
माझ्याकडे वरणाचा डाग होता, साबण लावल्यावर हळद लालभडक झाली, मी घाबरलेच! पण धुऊन गच्चीत कडक उन्हात टाकलं नि फिकट होत गेला. पावसाळ्यात मात्र कठीण.

गोधडीवेडी:
काकू, गेला डाग! रुमालावर लाल उतरलं होतं म्हणून दोन चौकोन उसवले, आता पंख्याखाली वाळतायत.