ह्यांच्या साठीचं गुपित: कुठे न्यावं, कसं न्यावं

प्रेषक: सभासद, दांडिया बाजार

मंडळी, नमस्कार.

आधी एक विनंती. आमचे हे या ई-मेल यादीवर नाहीत, पण तुमच्यापैकी निम्म्यांची घड्याळं त्यांच्या दुकानात येतात. तेव्हा कृपा करून हा विषय तिथे काढू नका.

२ नोव्हेंबरला ह्यांना साठ पूर्ण होतात. साठीशांत करू या म्हटलं, तर नको म्हणाले. हॉल नको, जेवणावळ नको, सत्कार तर नकोच. चाळीस वर्षं हा माणूस बडोद्याच्या रावपुऱ्यात एकाच खुर्चीवर डोळ्याला भिंग लावून बसलाय. लग्नानंतर महाबळेश्वर पाहिलं, त्यापुढचं फिरणं सगळं नातेवाइकांच्या लग्नकार्यांपुरतं. लेकीने आग्रह करून पासपोर्ट काढायला लावला, त्यावर अजून एकही शिक्का नाही. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी सूरसागर तळ्याच्या काठावर उभं राहायचं, तळ्यातल्या महादेवाच्या मूर्तीला हात जोडायचे आणि मग कुलूप काढायचं, एवढंच.

मागे एकदा टीव्हीवर कुठल्याशा बेटाचं हिरवंनिळं पाणी बघून म्हणाले, "असा रंग खरंच असतो, की कॅमेऱ्याची करामत?" ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. मला त्यांना तो रंग दाखवायचाय. मॉरिशस डोक्यात आहे, भिशीचे पैसे साठवलेले आहेत. आठ दिवस, आम्ही दोघंच. कुणी जाऊन आलंय का? आणि त्यांना पत्ता न लागू देता हे जमेल का?

---

प्रेषक: सभासद, मांजलपूर

वहिनी, बेत फार गोड आहे. पण एक गोष्ट ऐकाच.

माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला आमच्याकडे असंच झालं होतं. सकाळी नऊला ह्यांनी सांगितलं, बॅग भर, अकराला निघायचंय. हौस त्यांची खरी होती, त्यात मला शंका नाही. पण सासूबाईंना दुपारचं इंजेक्शन कोण देणार, शेजारणीला फळं आणायला सांगितलीत ती कोण घेणार, गॅस बंद केला का, हेच चार दिवस माझ्या डोक्यात. समुद्रासमोर बसून मी घरी फोन लावत होते. परत आल्यावर मी रडले आणि ते बिचारे गोंधळून गेले. अजून आठवलं की वाईट वाटतं, त्यांच्यासाठी जास्त.

म्हणून सांगते, कुठे जायचं ते लपवा, कधी जायचं ते लपवू नका. तुमच्या ह्यांनी गिऱ्हाइकांना घड्याळं परत द्यायच्या तारखा दिलेल्या असणार. शब्दाचा पक्का माणूस, दुकान अचानक बंद ठेवावं लागलं तर त्यांना आतून टोचत राहील. महिनाभर आधी तारखा सांगून टाका, म्हणजे ते त्या हिशेबाने कामं उरकतील. पासपोर्टची मुदत आजच बघा, परतीनंतर सहा महिने तरी शिल्लक हवेत. आणि त्यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या सामानात नको.

---

प्रेषक: सभासद, कारेलीबाग

काकू, घाईत लिहितोय. मॉरिशसला आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे आहेत याचा पुरावा कागदावर छापून ठेवा. निघण्याआधी एक ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, तो काकांच्या वतीने तुम्ही भरू शकता. तिथलं चलनही रुपयाच, पण आपल्याहून भारी, तेव्हा हिशेब करताना फसू नका. मुंबईहून थेट विमान आहे, साधारण सहा तास.

---

प्रेषक: सभासद, अलकापुरी

सौ. वहिनींना सप्रेम नमस्कार.

मी नोकरीनिमित्त तिथे कापडगिरणीत सहा वर्षं काढली. मॉरिशस म्हटलं की आपल्याकडे हनिमूनचे फोटो डोळ्यांसमोर येतात. ते समुद्रकिनारे सुंदर आहेतच. बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे, त्यामुळे लाटा लांबवर फुटतात आणि काठाशी पाणी तळ्यासारखं शांत असतं. पोहता न येणारा माणूससुद्धा कमरेपर्यंत निवांत उभा राहतो. पायात रबरी बूट मात्र हवेत, तळाशी काटेरी जीव असतात. नोव्हेंबरचा आरंभ उत्तम, वादळांचे महिने जानेवारी ते मार्च.

पण मला तुम्हाला दुसरंच सांगायचंय. तुम्ही निवडलेली तारीख तिथे सुट्टीची असते. २ नोव्हेंबर १८३४ या दिवशी कलकत्त्याहून 'अ‍ॅटलास' जहाज छत्तीस गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले, मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. उसाच्या मळ्यांवर काम करायला पुढे १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली. ती जिथे उतरली तो अप्रवासी घाट आज जागतिक वारसा आहे. त्यांत आपली कोकणातली माणसंही होती. त्यांचे वंशज आज तिथे मराठी म्हणवतात, शाळेत मराठी शिकतात, झाकडी हा पारंपरिक नाच नाचतात. गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते. गोऱ्या कारकुनांनी नोंदवहीत माणसाचं पहिलं नाव तेवढं लिहिलं, तेच पुढे घराण्याचं आडनाव झालं. शेवटी 'जी' असलेलं आडनाव ऐकलंत की खुशाल मराठीत बोलून बघा.

गायकवाडांचा बडोद्यावर कायमचा अंमल बसला तो १७३४ मध्ये. बरोबर शंभर वर्षांनी तिकडे ते जहाज लागलं. आपली माणसं घोड्यावरून आली, ती माणसं जहाजाच्या तळात बसून गेली. गिरणीतल्या रात्रपाळीत हा विचार माझ्या मनात फार वेळा यायचा.

वाढदिवसाच्या दिवशी त्यांना गंगा तलावावर न्या. डोंगरावरचं तळं आहे, तिथे हवा गार असते, जर्किन घ्या. तिथे काय आहे ते मी लिहीत नाही. तुम्हीही शोधू नका, फोटो बघू नका. माझ्यावर विश्वास ठेवा.

---

प्रेषक: सभासद, दांडिया बाजार

मंडळी, कालच परतलो. सामान अजून उघडलेलं नाही, पण तुम्हाला कळवल्याशिवाय चैन पडेना.

मांजलपूरच्या ताई, तुमचं ऐकलं हे किती बरं झालं! तारखा सांगितल्या तेव्हा ह्यांनी एवढंच विचारलं, "थंडी आहे का तिकडे?" मग महिनाभर रात्री जागून एकेक घड्याळ पूर्ण केलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी कपाटातली शेवटची चिठ्ठी काढून मला दाखवली. ट्रे रिकामा. चाळीस वर्षांत मी तो रिकामा पाहिला नव्हता.

मुंबईला विमानतळावर गाव कळलं. काही बोलले नाहीत. बोर्डिंग पास चष्मा वर करून दोनदा वाचला. विमानात बसल्यावर पहिला प्रश्न, "तिथे किती वाजले असतील?" मी म्हटलं, आपल्यापेक्षा दीड तास मागे. त्यांनी हातातलं घड्याळ उतरवलं, चावी नखाने अलगद बाहेर ओढली आणि काटे सेकंदाचा मेळ धरून मागे घेतले. मग माझा हात ओढून माझंही लावून दिलं. मला त्या क्षणी आमचं लग्न आठवलं, का ते विचारू नका.

समुद्राबद्दल थोडक्यात सांगते. रंग खरा आहे. दोन दिवस ते गुडघाभर पाण्यात उभे राहून तोच बघत होते.

वाढदिवसाला सकाळी गाडी घेऊन गंगा तलावाला निघालो. ड्रायव्हर चाळिशीचा, घरात क्रिओल ही तिथली बोली बोलणारा, पण आडनावाच्या शेवटी 'जी'. मी मराठीत विचारलं तर त्याने गाडी बाजूला घेतली आणि वळून म्हणाला, "तुमी मराठी?" त्याला जमेल तसं, शाळेत शिकलेलं, देवळात ऐकलेलं मराठी तो बोलत होता. ह्यांनी विचारलं, तुमची कितवी पिढी? पाचवी म्हणाला. हे म्हणाले, बडोद्यात माझीही पाचवीच.

चढावर धुकं होतं. रस्त्याच्या बाजूला आधी त्रिशूळ दिसला, मग जटा, मग खांदे. हे पुढे वाकून काचेतून बघत होते. म्हणाले, "थांबवा, थांबवा." गाडी पुरती थांबायच्या आत दार उघडलं.

मंडळी, तो आपला महादेव आहे. सूरसागरचा. तीच उभं राहण्याची ढब, तोच चेहरा. तिथल्यांनी २००७ मध्ये आपल्या मूर्तीवरून तशीच घडवून उभी केलेली, १०८ फूट. आपली १११. आपला तळ्याच्या मधोमध उभा आहे आणि त्याला आता सोन्याचा मुलामा आहे, तो काठावर, जमिनीवर आहे. ड्रायव्हरने सांगितलं, महाशिवरात्रीला लोक खांद्यावर कावड घेऊन बेटाच्या कानाकोपऱ्यातून चालत इथे येतात. १९७२ मध्ये या तळ्यात आपल्या गंगेचं पाणी आणून ओतलं होतं, तेव्हापासून गंगा तलाव.

हे मूर्तीच्या पायाशी उभे राहिले, रोजच्यासारखे हात जोडले. मग नेहमीच्या सवयीने खिशात हात गेला, दुकानाच्या किल्लीसाठी. किल्ली नव्हती. माझ्याकडे वळले तेव्हा डोळे भरलेले होते. "तुला माहीत होतं?" मी खरं तेच सांगितलं, नव्हतं. अलकापुरीच्या काका, तुम्हाला वाकून नमस्कार.

दुपारी ड्रायव्हरने घरी नेलं. जवळच चहाचे मळे आहेत, तिथला व्हॅनिलाचा चहा पाजला आणि त्याच्या आईने डाळपुरी वाढली. तिथे ती जोडीनेच वाढतात, एक कधीच नाही. पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण समजा, वर वालाचा रस्सा आणि टोमॅटोची चटणी. निघताना त्या माउलीने माझ्या कपाळाला कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी अप्रवासी घाटावर गेलो. तिथल्या दगडी पायऱ्यांवर हे बराच वेळ बसले होते. मी काही विचारलं नाही.

---

प्रेषक: सभासद, दांडिया बाजार (पतीकडून)

नमस्कार. पत्नीने आज मला या यादीवर घेतलं. मागची सगळी पत्रं वाचली. मला न सांगता तुम्ही एवढे लोक महिनाभर गप्प राहिलात, सगळ्यांचा ऋणी आहे. मांजलपूरच्या ताईंचा विशेष.

एक काम आहे. त्या ड्रायव्हरच्या आईने रुमालात बांधून ठेवलेलं एक खिशातलं चावीचं घड्याळ मला दाखवलं. सासऱ्यांचं, तीस वर्षं बंद. तिथे बसून उघडलं, पण हत्यारं नव्हती. त्यांनी विश्वासाने माझ्याबरोबर दिलं. बॅलन्स स्टाफ, म्हणजे डोलणाऱ्या चक्राचा बारीक आस, मोडला होता, तेल सुकून डिंक झालं होतं. नवा स्टाफ लेथवर तयार करून बसवला. आज चौथा दिवस, चोवीस तासांत अर्ध्या मिनिटाच्या आत चालतंय. वेळ तिथलीच लावून ठेवली आहे.

कुरिअरने पाठवायला मन धजत नाही. पुढच्या तीन-चार महिन्यांत आपल्यापैकी किंवा ओळखीपैकी कुणी मॉरिशसला जाणार असेल तर कृपया कळवा. दुरुस्तीचं पत्र सोबत देईन, म्हणजे कस्टममध्ये अडचण येणार नाही. न्यायचं हातातल्या बॅगेत, आणि रोज सकाळी एकदा चावी द्यायची, बावीस फेरे, त्याहून जास्त नाही.