मदत हवी आहे: 'सगळे सारखे' सांगणारी मुलांची पुस्तकं

अक्कलकोटरोडकर: सोसायटीत वाचनकट्टा सुरू करतोय, येत्या रविवारी. सगळे सारखे, कुणाला हसू नये, अशा धर्तीची मराठी पुस्तकं सुचवा. सोलापूरची नवी पेठ पालथी घातली, जो तो पंचतंत्र आणि बिरबल पुढे करतो. लवकर सांगा, वर्गणी जमलीये.

आजोबा_जुळेसोलापूर: मुलं केवढी?

निवृत्तमास्तर: साने गुरुजी द्या. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली त्यांनी उपोषण केलं, आपल्याच जिल्ह्यात. समता याहून वेगळी काय असते?

चित्रवेडी: 'तोत्तोचान'. नॅशनल बुक ट्रस्टचं, मराठीत आहे. पोलिओ झालेल्या मित्राला तोत्तोचान शिडी लावून झाडावर चढवते, तेवढं तरी वाचून दाखवा.

अक्कलकोटरोडकर: पाच ते सात वर्षांच्या मुलांना? चित्रांचं सांगा हो.

चित्रवेडी: वय आत्ता सांगताय!

खुला_परवाना: प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर वेबसाइट बघा. फुकट. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळं आहे. पातळी १ निवडा.

निवृत्तमास्तर: म्हणजे पुन्हा मोबाइलच हातात.

खुला_परवाना: प्रिंट काढा ना मास्तर. परवानगी आहे त्याला.

आजोबा_जुळेसोलापूर: पण नेमकं झालंय काय तिथे?

अक्कलकोटरोडकर: एका मुलाच्या पायाला कॅलिपर आहे, चालायला आधार देणारा. लगोरीत त्याला 'तू नुसतं मोज' म्हणून कट्ट्यावर बसवतात. शिवाय निम्म्या घरांत तेलुगू. एकीच्या आजीच्या मराठीची नक्कल चालते.

दाखलेवाले_काका: त्याचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलंय का? २०१६च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. सिव्हिलला जाऊन या.

अक्कलकोटरोडकर: काका, मी पुस्तकं विचारतोय.

चित्रवेडी: मग समता वगैरे नावात असलेलं पुस्तक शोधूच नका, चित्रं बघा. कॅलिपरवाला पोरगा पानोपानी बिचारा बसलाय आणि शेवटी सगळे त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात, ते पुस्तक परत ठेवा. तोच कैऱ्या पाडतोय, खोटं बोलतोय, आईच्या शिव्या खातोय, ते घ्या. आई सदानकदा गॅसपाशी आणि बाबा पेपरमागे, हेही तपासा. काळी राक्षसीण आणि गोरी राजकन्या तर अजून छापतातच. ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदरेंची चित्रपुस्तकं बघा, त्यात उपदेश नाही, घरातली खरी माणसं आहेत. चेन्नईची तूलिका एकच पुस्तक अनेक भाषांत काढते, मराठीतही. आणि एक गोष्ट तेलुगूत त्या आजींकडून वाचून घ्या. मराठी पोरांनी चित्रावरून अर्थ ओळखायचा. होऊ दे थोडी फजिती.

चाटीगल्ली: पुस्तकं कशाला ओ, लगोरीचा नियम बदला की! नेम त्यानं धरायचा, पळायला दुसरा. क्रिकेटमध्ये रनर असतोय तसं.

निवृत्तमास्तर: रनर आयसीसीने २०११ मध्येच बंद केला.

चाटीगल्ली: सोसायटीत आयसीसी येतीय का मास्तर? कशाला वाद घालायलाव!

अक्कलकोटरोडकर: आजींना विचारलं. बोलता येतं, तेलुगू वाचता येत नाही म्हणाल्या. शाळा मराठीतच झाली त्यांची.

चित्रवेडी: मग पुस्तक पुढ्यात ठेवून तोंडी सांगू द्या. वाचायचं कशाला?

अक्कलकोटरोडकर: बरं. रंगीत प्रिंट स्वस्तात कुठे निघेल, ते तरी सांगा.