पूर्वजन्मीच्या प्रेमावरील ऐतिहासिक कथा-कादंबऱ्या सुचवाव्यात

फोंड्याची वाचक
नमस्कार. आमच्या वाचनमंडळाने या पावसाळ्यासाठी पूर्वजन्मीचे प्रेम हा विषय निवडला आहे. ‘मधुमती’सारख्या (१९५८) चित्रपटांमुळे ही कल्पना घरोघरी पोहोचली असली, तरी आम्हांला वाङ्मय हवे आहे, आणि तेही असे की ज्यात गतकाळ पोशाखा-दागिन्यांपुरता न उरता त्या काळातील माणसांची श्रद्धा, भीती आणि बंधने जाणवावीत. भाषांतरेही चालतील. शेवटच्या प्रकरणात दोघांना एकाएकी सारे आठवते आणि कथा मिटते, अशी पुस्तके मात्र कृपया सुचवू नयेत.

मांडवीकाठ
ताई, आरंभ सातव्या शतकातील बाणभट्टाच्या ‘कादंबरी’पासूनच करावा. बाणाच्या निधनाने अपुरी राहिलेली ही कथा त्याच्या मुलाने पूर्ण केली. ती रूढ अर्थाने ऐतिहासिक नाही, पण आपल्याला नको असलेला सोपा शेवट कसा टाळावा, हे तिच्याइतके कोणीच दाखवलेले नाही. महाश्वेता अच्छोद सरोवराकाठी मृत प्रियकर पुंडरीकाची वाट पाहत तप करते. तोच पुंडरीक वैशंपायन होऊन तिच्यासमोर येतो, का ओढला गेलो हे त्यालाही उमगत नाही, आणि त्याच्या आर्जवाने संतापलेली महाश्वेता, ज्याच्यासाठी जगते आहे त्यालाच, पोपट होण्याचा शाप देते. ओळख न पटणे हाच या प्रकारच्या कथेचा प्राण आहे, असे मी मानतो. ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकाचा आरंभही सोबत वाचावा. तेथे सारे विसरलेला दुष्यंत गाणे ऐकून व्याकूळ होतो आणि ही हुरहूर मागल्या जन्मीच्या स्नेहाची असावी, असे त्याला वाटते.

डिचोलीकर
शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या ‘जातिस्मर’ या बंगाली संग्रहातील कथा आपल्या अटींत नेमक्या बसतील. पूर्वजन्म आठवणारा निवेदक येथे प्राचीन काळ स्वतः भोगलेला म्हणून सांगतो, त्यामुळे इतिहास माहितीसारखा अंगावर येत नाही. भाषांतर मिळाल्यास मंडळाने एकेक कथा स्वतंत्रपणे घ्यावी. रायडर हॅगर्ड यांची ‘शी’ (१८८७) मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन. स्वतःच्याच हातून मारल्या गेलेल्या प्रियकराच्या पुनर्जन्मासाठी दोन हजार वर्षे थांबलेली आयेशा विसरता येत नाही. मात्र आफ्रिकेतील माणसांकडे पाहण्याची त्यातील साम्राज्यकालीन दृष्टी खटकते आणि त्यावर मंडळात बोलले गेलेच पाहिजे.

फोंड्याची वाचक
दोघांचेही मनापासून आभार. आमच्यातील काहीजणी स्वतः लिहितात. गोव्याच्या इतिहासात अशी कथा रचायची झाल्यास कोणता काळ घ्यावा?

मांडवीकाठ
सोळावे शतक, निःसंशय. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे देऊळ पोर्तुगीजांनी पाडले, देव नदीपलीकडे नार्व्याला गेला आणि तेथील देवळाचा शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार केला. देवाबरोबर काही माणसे गेली, काही मागे राहून ख्रिस्ती झाली. आता असे समजा की ताटातूट झालेल्या दोघांपैकी एकाचा जन्म पुढे नार्व्याच्या हिंदू घरात होतो आणि दुसरीचा दिवाडीच्या ख्रिस्ती घरात. त्याच्या घरी पूर्वजन्म ही सहज बोलण्याची गोष्ट आहे. तिच्या धर्मात त्या कल्पनेला जागाच नाही, आणि १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मबाह्य मतांसाठी शिक्षा करणारे चर्चचे न्यायासन, सुरू झाल्यानंतरच्या काळात तर असे काही उच्चारणेही धोक्याचे. तिला आठवले तरी ती ते कोणाला सांगणार? हा प्रश्न केवळ आपल्या भूमीतूनच उगवू शकतो, म्हणून तो मला मोलाचा वाटतो.

डिचोलीकर
सहमत आहे, पण लिहिणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. पुनर्जन्म दाखवून धर्मांतरित कुटुंबांना ‘मूळ घरी’ परत आणण्याचा मोह होईल, आणि तसे झाले की प्रेमकथा संपून प्रचार सुरू होईल. तिचे नवे घर, तिची प्रार्थना, तिची माणसे हीदेखील तितकीच खरी असली पाहिजेत, नाहीतर तिच्यापुढे निवड उरतच नाही. वाचनाचा क्रम विचाराल तर ‘कादंबरी’ची कथा एखाद्या चांगल्या गद्य रूपांतरातून आधी वाचावी, कारण जन्मांची गुंतागुंत मोठी आहे, नंतर ‘जातिस्मर’, आणि वेळ उरल्यास ‘शी’.