डेन्मार्कचा निओक्लासिकल चित्रकार, कुणाला घेऊ?

ब्रशवाला_सातारा:
नमस्कार मंडळी, जीडी आर्टला (चित्रकलेचा डिप्लोमा) आहे, सेमिनारच्या चिठ्ठ्या काढल्या त्यात बाकीच्यांना फ्रान्सचा चित्रकार दावीद वगैरे मोठी नावं गेली आणि माझ्या वाट्याला डेन्मार्क आलं राव. निओक्लासिकलच, म्हणजे जुन्या ग्रीक-रोमन कलेच्या वळणानं काढणाराच पाहिजे म्हणतात सर. कुणावर बोलू? पोरं झोपली नाही पाहिजेत एवढंच.

कृष्णाकाठ:
एकर्सबर्ग घे डोळे झाकून. १७८३ चा जन्म, बाप सुतारकाम आणि रंगकाम करणारा, पोरगा पण आधी रंगाऱ्याच्या हाताखालीच शिकला, मग १८०३ ला कोपनहेगनच्या अकॅडमीत. १८०९ ला गोल्ड मेडल, तिथून पॅरिस, आणि तिथं थेट दावीदच्या स्टुडिओत साधारण वर्षभर. म्हणजे बाकीच्यांचा दावीद तुझ्याकडं फुकटात आला की. पुढं रोम, १८१३ ते १८१६, तिथं शिल्पकार थोरवाल्डसनशी गट्टी जमली, त्याचं पोर्ट्रेट पण केलंय १८१४ ला.

सांगलीचे_मास्तर:
बाळा, एकर्सबर्ग चांगलाच, पण त्याला डॅनिश सुवर्णकाळाचा (एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला डॅनिश चित्रकलेचा बहर) जनक म्हणून जास्त ओळखतात. निकष कडक लावायचा तर त्याचा गुरू आबिल्डगोर बघ, १७४३ ते १८०९. ग्रीक कथांवरची चित्रं, त्यात ग्रीक वीर जखमी फिलोक्टेटीस, अंगाचा पीळ बघून मायकेलअँजेलो आठवतो. राजवाड्यासाठी राजांची भलीमोठी चित्रं केली आणि १७९४ च्या आगीत त्यातली बरीचशी जळून गेली. वर्गासाठी हा किस्सा भारी आहे.

ब्रशवाला_सातारा:
मास्तर, किस्सा भारी पण जळालेली चित्रं स्लाइडवर कशी दाखवू 😅 एकर्सबर्गचं दाखवायला काय आहे?

कृष्णाकाठ:
कोलोसियमचं चित्र टाक, १८१५ च्या आसपासचं. तिसऱ्या मजल्यावरच्या तीन कमानी आणि प्रत्येकीतून रोम दिसतंय, दगड न् दगड मोजून काढल्यासारखा, ऊन एकदम स्वच्छ, बघणाऱ्याला वाटतं हा माणूस तिथं उभा राहिला आणि दिसलं ते उतरवलं. पण एका जागी उभं राहून तिन्ही कमानींतनं ते तसं दिसतच नाही! जागा बदलून बदलून बघितलेलं त्यानं एकत्र बसवलंय. आपण संगम माहुलीचा घाट काढताना लाइटचा खांब गाळतो ना, तसंच, फक्त ह्याची शिस्त एवढी पक्की की चोरी सापडत नाही. माझ्या मते इथंच तो दावीदचा चेला ठरतो, निसर्ग समोर ठेवायचा पण रचना आपली. सेमिनार सगळा ह्या एकाच चित्रावर कर, जन्म-मृत्यू दोन वाक्यांत उरक.

सांगलीचे_मास्तर:
हे पटलं. मग त्यात त्याचं शिकवणं पण घाल. १८१८ ला प्रोफेसर झाला आणि पोरांना वर्गाबाहेर काढून उघड्यावर रंगवायला लावलं, त्या काळच्या अकॅडमीत ही साधी गोष्ट नव्हती. क्योब्के, बेंट्झ, कॉन्स्टांटिन हान्सन हे त्याचेच विद्यार्थी. पर्स्पेक्टिव्हवर, म्हणजे सपाट कागदावर खोली आणि अंतर दाखवायच्या नियमांवर, पुस्तकं पण लिहिली. आणि जहाजांचं वेड, दोरखंडसुद्धा चुकायचा नाही. गेला १८५३ ला, कोपनहेगनच्या कॉलऱ्यात.

ब्रशवाला_सातारा:
ठरलं मग, कोलोसियम. कमानींवरून रेषा ओढून पोरांनाच विचारतो हा नक्की उभा कुठं होता ते. मास्तर, पर्स्पेक्टिव्हचा जरा लोचा आहे माझा, रविवारी सांगलीला आलो तर बसाल का तासभर?

सांगलीचे_मास्तर:
ये. फूटपट्टी आण, मोबाइलवरनं नाही शिकवणार.