पीजीपी की रद्द केली म्हणजे नाव पुसलं गेलं, असं नाही
ईमेल गुप्त ठेवायच्या पीजीपी या पद्धतीत प्रत्येकाची एक सार्वजनिक की (इतरांना द्यायची डिजिटल किल्ली) असते. तिच्यावर नाव-ईमेल असतं, आणि ती कीसर्व्हरवर, म्हणजे अशा किल्ल्यांच्या सार्वजनिक साठ्यावर, चढवता येते. ही की रद्द केली, तर तिथलं नाव-ईमेलही जातं, असा एक समज आहे. तसं होत नाही. रद्द करणं म्हणजे त्याच कीला ‘ही आता वापरू नका’ असं सांगणारी आणखी एक डिजिटल सही जोडणं. नाव, ईमेल पत्ता जागच्या जागी राहतो.

एसकेएस या जुन्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या कीसर्व्हरांची रचनाच फक्त भर घालण्याची होती. एका ठिकाणी नोंद काढली तरी शेजारचा सर्व्हर जुळवाजुळव करताना ती परत आणून ठेवायचा. कुठल्याही सरकारला दबाव आणून की गायब करता येऊ नये, हा हेतू रास्तच होता. पण चढवलेल्या कीवरचा ईमेल खरंच त्या माणसाचा आहे का, हे कोणी तपासत नसे. तुमच्या नावाने की बनवून मीही चढवू शकलो असतो! मला हेच सगळ्यात जास्त खटकतं: ज्याने संमती कधी दिलीच नाही, त्यालाही बाहेर पडायला वाट नाही.

युरोपात २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला. त्याच्या कलम १७ मध्ये माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे (अपवादांसह). सर्व्हर चालवणारे बहुतेक स्वयंसेवक. त्यांनी मागणी पूर्ण करायची तरी कशी? शेवटी अशाच मागण्यांचं कारण देऊन जून २०२१ मध्ये एसकेएसचा ‘पूल’, म्हणजे एका नावाखाली जोडलेला सर्व्हरांचा गट, बंद झाला.

२०१९ मध्ये आलेला कीज.ओपनपीजीपी.ऑर्ग हा कीसर्व्हर मात्र ईमेलची खात्री झाल्याशिवाय नाव-पत्ता दाखवत नाही, आणि तो नंतर काढताही येतो. नवी की तिथेच चढवा.